हातावर टांगलेले गजरे

वकिलीणबाईंनी माझ्या हातावर पहिला गजरा टांगला, तेव्हा मला वाटलं, त्या माझं कौतुक करताहेत. मग दुसरा टांगला. मग सगळी परडी रिकामी केली.

नगरमधलं चैत्रातलं हळदीकुंकू. मी नऊ वर्षांची. पोलिओच्या तापात माझा उजवा खांदा लुळा पडला होता. इस्पितळात मला एक साचा बांधला होता. कमरेला चामडी पट्टा, त्यातून वर आलेली लोखंडी सळई, सळईवर पत्र्याची पन्हळ आणि पन्हळीत माझा हात. खांद्याच्या उंचीला, बाजूला पसरलेला. झोपतानासुद्धा तसाच. साचा निघाला की भिंतीवरच्या लाकडी शिडीवर बोटं चढवायला शिकवणार होते. तोवर इस्पितळाजवळ राहणं भाग होतं. आमच्या मिरजगावहून रोज येणं जमणारं नव्हतं. म्हणून आई वकिलांकडे स्वयंपाक करायची आणि आम्ही दोघी त्यांच्या मागच्या खोलीत राहायचो.

"इथे दाराशी उभी राहा. हलू नकोस," बाई म्हणाल्या.

बायका येत होत्या. कुंकू लावून घ्यायच्या, माझ्या हातावरून गजरा काढायच्या.

"अगंबाई, काय सोय केलीयेस!"

"हिला दर वर्षी बोलवा हो."

एकीने दोन बोटांनी, लांबूनच उचलला. "दुसऱ्याला लागत तर नाही ना हे दुखणं?"

हशा. ओल्या फुलांचं पाणी पन्हळीतून काखेत उतरत होतं. हात खाली घेता येत नव्हता. तोंड लपवता येत नव्हतं.

आई पन्ह्याचे पेले घेऊन आली. तिनं पाहिलं. जवळून जाताना पुटपुटली, "गप उभी ऱ्हा. हात बरा व्हायचाय न्हवं?"

मग एकीने स्वतःची पर्सच अडकवली. "एवढं पन्हं पिते तोवर."

मी कमरेतून कलले. साचा कलू देईल तेवढी. पर्स, गजरे, सगळं फरशीवर.

"उचल," बाई म्हणाल्या. "दुसरा हात धड आहे ना?"

"न्हाई उचलनार. ह्यो माझा हात हाय."

आई पेले ठेवून खाली वाकू लागली. मी धड हाताने तिचा पदर धरला. ओढून धरला. "तू बी न्हाई."

आई तशीच, अर्धी वाकलेली. मग ती सरळ झाली.

बाईंनी त्याच रात्री खोली सोडायला सांगितली. दुसऱ्या सकाळी आम्ही गावाकडच्या एस.टी.त होतो. पसरलेल्या हातामुळे मी बाकावर तिरकी बसले होते. इस्पितळ सुटलं ते सुटलंच. त्या शिडीवर माझी बोटं कधीच चढली नाहीत.

तुम्ही नातवंडं तिकडून फोनवर मला पाहता आणि विचारता, आजी, तू डाव्या हातानेच का विंचरतेस? म्हणून हे लिहिलं. तुमच्या आईला वाटतं, एवढ्याशा गोष्टीपायी मी हात घालवला. घालवला, खरं आहे. एवढीशी गोष्ट मात्र ती नव्हती. उद्या कुणी तो हात परत देतो म्हणालं आणि बदल्यात घटकाभर तसंच उभं राहायला सांगितलं, तरी मी नाही म्हणेन. तुमच्यावरही अशी वेळ येईल. काय गमवावं लागणार आहे, ते आधी नीट पाहून घ्या. मग नाही म्हणा.