शेताचा कोपरा

तो धुळ्याला कॉलेजात शिकायचा. बापाचं शेत माझ्या बांधाला लागून. शनिवारी फाट्यावर एसटीतून उतरला की घरी न जाता आधी शेतावर यायचा. पिशवीत होस्टेलातली केळीची सालं असायची. बसमध्ये त्याच्याशेजारी कोणी बसत नसे म्हणे. बापाने दिलेल्या कोपऱ्यात तो ती पुरायचा. तिथे तूर होती, टमाटे होते, आणि औषधाचा थेंब नव्हता. मग एक ढेकूळ फोडून हुंगायचा आणि माझ्याही नाकाशी आणायचा.

"नाना, जमीन जित्ती शे."

दिवसभर निंदून माझी कंबर मोडलेली असायची. जमीन जिवंत आहे म्हणे; मी नुसतं हूं करायचो.

त्या साली बोंडअळीने कोणाचीच कपाशी सोडली नाही. एका रविवारी फवारता फवारता त्याचा बाप चक्कर येऊन खाली बसला. याने त्याच्या पाठीवरचा पंप काढून स्वतःच्या पाठीवर घेतला, तोंडाला रुमाल बांधला आणि सगळी कपाशी फवारली. शेवटी आपल्या कोपऱ्याशी थांबला.

"आठली, या तुरीवरली अळी उद्या कपाशीवर जाई," असं स्वतःशीच म्हणाला आणि तूर-टमाटेही भिजवून टाकले. बापाने सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी माझ्या बांधावर येऊन बसला. सवयीने ढेकूळ उचललं, हुंगलं, आणि माझ्यापुढे न धरता खाली ठेवलं. मी ते उचलून नाकाशी नेलं. औषधाचाच वास होता.

"जित्ती शे रे," मी म्हणालो.

त्याने नुसतं हूं केलं.