गौरीच्या हातांसाठी करंजाड्यापर्यंत

गौरी आणायच्या दिवशी सकाळी सातला मी नेरूळहून स्कूटर काढली, ती फुलं आणायला. फुलांसाठी माणूस खालच्या बाजारात जातो. पण मंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर आगरी. त्यांची गौर तेरड्याच्या रोपांची असते आणि तिला ‘गौरीचे हात’ (कळलावीची फुलं) लागतात. बाजारातले संपले होते. उलव्याच्या डोंगरावर वाट्टेल तेवढे मिळतील, असं सासूबाईंनी ठामपणे सांगितलं. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांचा उलव्याचा डोंगर मात्र वीस वर्षांपूर्वीचा आहे.

उलव्यात डोंगर होता तिथे बारा बारा मजले उभे होते. एका वॉचमनला कळलावी कुठे असते विचारलं, तर त्याने रजिस्टर पुढे करून फ्लॅट नंबर लिहायला सांगितलं. पानाच्या टपरीवाल्याने करंजाड्याकडे टेकड्या शिल्लक असल्याची बातमी दिली. वाटेत एका डंपरने मला डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने सारवून काढलं. पनवेलला वडापाव घेतला. वडा कालचा होता.

करंजाड्याच्या शेवटच्या इमारतीमागे, कुंपणाच्या तारेवरच ती चढलेली दिसली. पानाचं टोकच स्प्रिंगसारखं वळतं आणि तार धरून ठेवतं. फूल मान खाली घालतं, पाकळ्या मात्र उलट्या वर, कडेने नागमोडी, चुलीतल्या जाळासारख्या. आधी हिरवट, मग पिवळं, शेवटी लालभडक. एकाच वेलीवर तिन्ही रंग. आणि खाली केसर बोटांसारखे फाकलेले. हात का म्हणतात ते तेव्हा कळलं.

शेजारी एक आगरी आजी तेरडा कापत होती. तिने माझ्या अवताराकडे बघितलं.

“भाऊ, फुला तोर. पन कांदा नको उकरू. जहर हाय त्यो. गुरापन तोंड नाय लावत.”

मी मान डोलावली. आजी भारा घेऊन गेली आणि मी कांदा उकरायला बसलो. बाल्कनीतल्या कुंडीत लावला की दरवर्षीची ही वणवण वाचेल, असा माझा विचार. बोटभर जाडीचा, नांगरासारखा काटकोनात वळलेला कंद निघाला. तो पिशवीत टाकला. परतताना मंदाने नैवेद्याच्या भाजीसाठी सांगितलेली रताळी घेतली. तीही त्याच पिशवीत टाकली.

घरी येऊन फुलं आणि पिशवी मंदाला दिली आणि थेट बाथरूममध्ये शिरलो. चिखल निघता निघेना. अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर आलो, कुंडी शोधली, आणि मग पिशवीतला कंद कुठाय म्हणून विचारलं.

“कसला कंद?” मंदा म्हणाली. “तुम्हाला रताळी तरी धड निवडता येतात का? एक वाकडं, काडीसारखं होतं. सोलून चिरलं तेही.”

पातेल्यात भाजी रटरटत होती. जेमतेम विचारलं, “चव घेतली का कुणी?”

सासूबाईंनी मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं बघितलं. “गौरीला दाखवल्याबिगर? आमच्यात कोन चाखतंय?”

मग मी सगळं सांगितलं. मंदाने आधी गॅस बंद केला. तिने रागावायला हवं होतं. भाजी पातेल्यासकट गेली, विळी-सुरी तीनतीनदा घासली गेली. गौर आली, तिला हात लागले, आणि नवी भाजी गॅसवर चढली.

नैवेद्याआधी चमचाभर खाल्लं तर गौरीचं काय जातंय, असा वाद घालत दरवर्षी याच वेळी मी ओट्याभोवती घुटमळत असतो. दोनदा तर पातेल्यात चमचा घातलेला आहे. या वर्षी त्या वेळी मी चिखल धूत होतो, एवढंच.

नैवेद्याला साडेचार वाजले. मंदा “बसा आता” म्हणाली, तरी सासूबाई बसेपर्यंत मी ताटाला हात लावला नाही.