पंधरा इंचांत न मावलेलं पत्र

मॉनिटर पंधरा इंची घ्यायचा की सतरा, यावर आमच्या घरात पंधरा दिवस खल चालला होता. बाबांना सतराच हवा, कारण त्यांना कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचे होते. दिवसभर शेतात राबलेल्या माणसानं बारीक बदाम-चौकट ओळखत का बसावं, असा त्यांचा सवाल. मला लग्नपत्रिका करून द्यायच्या होत्या, म्हणून मलाही मोठाच हवा. आईला कुणी विचारलंच नाही. खामगावच्या दुकानात बाबांनी विती टाकून पाहिल्या तेव्हा कळलं, सतरा इंचीची पाठच एवढी लांब की आमच्या टेबलावर कीबोर्डला जागा उरणार नाही. निमूट पंधरा इंची घेऊन जानेफळला आलो.

मग दुसरा तंटा. जोडून देणाऱ्यानं सांगितलं होतं, काच तेवढीच, पण सेटिंग बदललं की अक्षरं लहानमोठी होतात. लहान ठेवली तर जास्त मजकूर मावतो, मोठी ठेवली तर कमी. मला लहान हवी, बाबांना मोठी. आम्ही बापलेक एकमेकांचं सेटिंग बदलून ठेवायचो आणि वरून भांडायचो. शेवटी मीच जाहीर केलं की आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरून राह्यला, तर घरात मोठीच अक्षरं राहतील. माझ्या कामापुरतं मी बदलीन आणि उठताना परत करीन. बाबांचं आयतंच फावलं. आणि मी काय तोऱ्यात वागत होते म्हणता, जशी काही आईला दृष्टीच दिली मी!

आईला त्या डब्यातून एकच गोष्ट हवी असायची, दादाचं पत्र. दादा मस्कतला नोकरीला होता. टपालाला तीन-तीन आठवडे लागत, आणि मराठी टाइप करून पाठवलं की आमच्याकडे नुसते चौकोन उमटत. म्हणून तो पॅडच्या कागदावर हातानं लिहायचा, आणि त्या कागदाचं चित्र ईमेलनं पाठवायचा. दर शनिवारी मी एसटीनं मेहकरच्या सायबर कॅफेत जाऊन ते फ्लॉपीत भरून आणायची. आई चौथी शिकलेली. पत्र दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं तिला चालत नसे, आणि ती वाचताना कुणी जवळ उभं राहिलेलंही खपत नसे. मी पत्र उघडून द्यायची आणि चुलीकडे जायची. वाचून झालं की ती हाक मारायची, "झालं व, बंद कर."

दादाची लिहायची रीत जुनी. पत्र वडिलांच्या नावे. आधी बाबांना नमस्कार, मग कपाशीची पऱ्हाटी कशी आहे, विहिरीला पाणी किती, बैलाचा खूर बरा झाला का. आईचं शेवटी.

आठ महिने असंच चाललं. आई हळूहळू गप्प होत गेली. दादाचा विषय निघाला की उठून जायची. मी म्हणायची, काय हा रुसवा, लेक तिकडे उन्हात मरमर करून राह्यला अन् तुझं तोंड सुजलेलं! पण शनिवारी माझी एसटी यायच्या वेळेला ती दारात उभी असायचीच.

एका शनिवारी सकाळी मी पत्रिका करत होते, आणि उठताना सेटिंग परत करायचं विसरले. संध्याकाळी पत्र उघडून दिलं, चुलीकडे गेले. बराच वेळ हाक येईना. जाऊन पाहिलं तर आई काचेला नाक लावून बसली होती.

"हे खाली काय लिहिलं व?"

"तुझंच आहे ना ते. नेहमीच असते शेवटी."

"नेहमी?" आई म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठ्या अक्षरात अर्धाच कागद दिसायचा, उरलेला माऊसनं वर ओढावा लागायचा, आणि ते मी तिला कधी दाखवलंच नव्हतं. अंतर्देशीय पत्र कुठं उलटायचं हे तिला ठाऊक होतं. इथं काच संपली तिथं तिचं पत्र संपत होतं. खाली सही नसायची, तर मशीनच्या पत्रात नसेल सही, असं तिनं धरून घेतलं होतं.

मी जुनी पत्रं एकेक करून उघडली. प्रत्येकात आईसाठी चार-पाच ओळी. एकात लिहिलं होतं, कढीतले गोळे फुटतात, तू पिठात काय घालते ते कळव. पुढच्यात, गोळे अजून फुटतात. त्याच्या पुढच्यात, आई, तू रागावली काय? मेहकरला बसून या ओळी मीच आधी वाचल्या होत्या. आईचं आहे, आई पाहून घेईल, म्हणून सोडून दिल्या होत्या. मला स्वतःचीच भयंकर चीड आली.

मी तिला माऊस शिकवायला गेले, पण तिला तो जमेना, कागद कुठल्या कुठं पळायचा. मग मी अक्षरं मोठी करायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं. "राहू दे बारीक." मी म्हटलं, वाचता येणार नाही तुला. ती म्हणाली, नाही आलं तर नाही, पुरा कागद दिसला पाहिजे. बाबांनीही त्यानंतर पत्ते बारीकच खेळले, कुरकुर न करता.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज माझ्या टेबलावर चोवीस इंची पडदा आहे आणि शनिवारी दारात कुणी नसतं. तिची फार आठवण येते, अन् जास्त करून त्याच संध्याकाळची. त्या संध्याकाळी मी तिच्यावर चिडले होते. म्हटलं, आठ महिने मनात ठेवलं, मले एकदा तरी काऊन नाही विचारलं, दादा माझ्यासाठी काही लिहिते का म्हणून?

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"विचारलं असतं," ती म्हणाली, "अन् तू नाही म्हटलं असतं, मंग?"