घेरबाईंची गोगलगाय

त्यांचं खरं नाव गल्लीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना आठवत नव्हतं. घेरबाई म्हटलं की टपालवालासुद्धा बरोबर त्यांच्याच दारात उभा राहायचा. त्यांनी शिवलेला फ्रॉक घालून एखाद्या पोरीने गिरकी घेतली की घेर असा उठायचा, की जवळच्यांनी दोन पावलं मागे सरावं. गोल कापावं तर त्यांनीच. कागदावर एक टाचणी, टाचणीला दोरा, दोऱ्याला पेन्सिल, की झालं.

पण घेरबाईंचा खरा गुण घेर नव्हे, उसवणं. आपण केलेलं काम आपणच उसवायचं म्हणजे भल्याभल्यांचं तोंड कडू होतं. घेरबाईंना त्याचं काहीच वाटत नसे. एकदा एक नवरी तयार होऊन आरशासमोर उभी, बाहेर मोटार थांबलेली, आणि घेरबाईंना तिचा डावा खांदा जरासा ओढल्यासारखा दिसला. दुसऱ्या कुणाला दिसला नव्हता. नवरीच्या आईला तर मुळीच नाही, ती रडण्यात गुंतली होती. "हलू नकोस," म्हणून घेरबाईंनी बाही अंगावरच उसवली आणि अंगावरच पुन्हा शिवली. बाहेर हॉर्न वाजायला लागला तेव्हा म्हणाल्या, "वाजवू दे. त्याला तेवढंच येतं."

ही हकीकत सांगण्यात सगळ्यात जास्त रस त्यांच्या नवऱ्याला. त्यांना गल्ली ड्रायव्हरसाहेब म्हणायची. हयातभर बस चालवली, तीही घाटातली, म्हणून गाडी या विषयावर आपला शब्द शेवटचा असं त्यांचं मत होतं. घरात मात्र गाड्यांवरचा त्यांचा अधिकार फार पूर्वीच संपला होता, आणि दोष त्यांचाच. मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी एक खेळण्यातली आगगाडी आणली. विजेवर चालणारी, अंडाकृती रुळांवर गोल गोल फिरणारी. मुलगा आठवड्याभरात कंटाळून चेंडू घेऊन बाहेर पळाला. घेरबाई कंटाळल्या नाहीत. आधी इंजिन शिलाई मशीनच्या शेजारी आलं, मग रूळ कापायच्या टेबलाखाली शिरले. मग कॉलर ताठ ठेवणाऱ्या बकरमच्या कापडाला गोंद लावून त्याचे डोंगर झाले, उरल्यासुरल्या हिरव्या दोऱ्यांची झाडं झाली, आणि शिवणकाम बंद केल्यावर तर अख्खं दुकान रेल्वेने गिळलं. मुलगा मोठा होऊन दूर नोकरीला गेला. फोनवर विचारायचा, "बाबा, आई कशी आहे?" ड्रायव्हरसाहेब सांगायचे, "वेळेवर आहे. सिग्नल मिळाला की जेवायला येईल."

चेष्टा करत, पण या रेल्वेची किंमत त्यांना चांगली ठाऊक होती. मागे डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घेरबाईंना महिनाभर रुळांना हात लावायची बंदी होती. त्या महिन्यात त्यांनी इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री केली, धुतलेले डबे धुतले, आणि एके दुपारी नुसत्याच खिडकीत बसून राहिल्या. घेरबाई आणि नुसत्या बसलेल्या! ड्रायव्हरसाहेबांना ते दृश्य पुन्हा बघायचं नव्हतं.

अशात धाकटी मुलगी घरी परत आली. ती लोकांचे आखडलेले गुडघे आणि धरलेल्या कमरा सोडवायची, म्हणजे फिजिओथेरपिस्ट. इतकी वर्षं एका रुग्णालयाच्या तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत तिने हेच केलं होतं. आता स्वतःचं काहीतरी हवं होतं, आणि रस्त्याला लागून, पायरी नसलेली, उजेडाची जागा एकच होती: आईचं दुकान.

"आई, मला अर्धंच दे," ती म्हणाली. "अर्ध्यात तुझी गाडी राहू दे."

"अर्ध्यात माझं नुसतं स्टेशन मावतं. डोंगर काय डोक्यावर घेऊ?"

"मग राहू दे. मी भाड्याने बघते कुठेतरी."

"बघू नकोस," घेरबाई म्हणाल्या. "तुझ्या दवाखान्याच्या खाटा यायच्या दिवशी माझी गाडी अर्ध्या जागेत धावत असेल. अख्खी. नसेल, तर मी माझ्या हाताने सगळं खोक्यांत भरीन आणि पूर्ण दुकान तुझं."

ड्रायव्हरसाहेबांना खिडकीतली ती दुपार आठवली. कारण ही बाई बोलली म्हणजे बोलली.

डोक्यावर घ्यायची गोष्ट त्या रागात बोलल्या होत्या, पण दुसऱ्या दिवशी तेच त्यांना पटलं. खाली गाव आणि मोठं स्टेशन, आणि त्याच्या बरोबर वर, छातीइतक्या उंचीवर, डोंगर आणि छोटं स्टेशन. दुमजली रेल्वे. राहता राहिला प्रश्न, खालची गाडी वर जाणार कशी? सरळ चढ दिला तर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. म्हणून रूळ गोल गोल वळवत न्यायचे, गोल जिन्यासारखे, वेढ्यावर वेढा. छंदवाले त्याला हेलिक्स म्हणतात. ड्रायव्हरसाहेबांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "ही तर गोगलगाय." झालं, बारसं झालं.

गोगलगायीचं गणित घेरबाईंना नवं नव्हतं. घेर मोठा तर चढ सोपा. पण अर्ध्या खोलीत घेर वाढवून वाढवून किती वाढवणार? मग दुसरा उपाय, दोन वेढ्यांमधली उंची कमीत कमी ठेवायची. त्यांच्या गाडीतला सगळ्यात उंच डबा दुमजली, लाल रंगाचा. त्याच्या टपावर करंगळी आडवी सरकेल एवढीच फट त्यांनी धरली. टाचणी, दोरा, पेन्सिल घेऊन खाकी कागदावर कमानी आखल्या. मिस्त्रीने त्याबरहुकूम प्लायवूड कापून दिलं. चार कमानींचा एक वेढा, असे पाच वेढे. आधाराला आटे पाडलेल्या लोखंडी सळ्या उभ्या केल्या आणि प्रत्येक वेढा नटांवर टेकवला, म्हणजे नट फिरवला की रस्ता केसभर वर, केसभर खाली.

हे सगळं करायचं आतून. घेरबाई शिलाईचं स्टूल घेऊन रांगत मधल्या पोकळीत शिरायच्या आणि वेढा चढत जाईल तशा दिसेनाशा व्हायच्या. आधी गुडघे गेले, मग खांदे, शेवटी नुसता अंबाडा. ड्रायव्हरसाहेब वरून चहाचा कप सोडायचे.

"बाहेर येणार आहेस का तिथेच राहणार?"

"अहो, साखर घातलीत का?"

"घातली."

"मग राहते."

मुलगी येऊन बघायची आणि डोक्याला हात लावायची. "आई, अशा बसण्याने कंबर धरते. मी लोकांना हेच करू नका म्हणून सांगते."

"मग पहिली पेशंट घरातच मिळाली ना तुला? रड कशाची?"

रूळ बसले. नुसतं इंजिन आणि दोन ठेंगणे डबे लावून गाडी सोडली. गोगलगायीच्या पोटात गाडी शिरली, घुर्र घुर्र करत फिरत राहिली आणि वरच्या मजल्यावर डोंगरापाशी अलगद बाहेर आली. ड्रायव्हरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने खाटांचा दिवस ठरवून टाकला. घेरबाई नुसत्या हसल्या, पण स्वयंपाकघरात शिटी वाजवत होत्या, आणि ती कुकरची नव्हती.

मग त्यांनी पूर्ण गाडी लावली. मध्यभागी लाल दुमजली डबा.

पहिल्या वेढ्यातच टक्‌ आवाज झाला आणि गाडी थांबली. मागे घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा टक्‌, त्याच जागी. घेरबाईंनी वरच्या वेढ्याच्या पोटाखालून बोट फिरवलं आणि त्यांचं बोट एका ठिकाणी अडलं. पुढे फिरवलं, पुन्हा अडलं.

शिंपिणीनेच करावी अशी चूक होती ती. कमानीला कमान नुसती टोकाला टोक लावून टिकणार नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक जोडाखाली त्याच प्लायवूडची एकेक पट्टी चिकटवली होती. शिवणीखाली आतून पट्टी द्यायची हा हाताचा धर्म. हाताने तो डोक्याला न विचारता पाळला. कापडात ती पट्टी कुणाला कळतही नाही. लाकडात तिने करंगळीची फट खाऊन टाकली.

"मी पट्टीची जाडी धरलीच नाही," घेरबाई आतूनच म्हणाल्या. "जन्मात कधी धरली नव्हती."

"नट फिरव, वेढे थोडे वर घे," ड्रायव्हरसाहेबांनी सुचवलं. तेही करून बघितलं. आता डबा अडला नाही, इंजिनच अडलं. चढ वाढला होता. भरल्या गाडीखाली चाकं नुसती गरगर फिरायला लागली. घाटात आयुष्य काढलेल्या माणसाला ते बघवेना. "रिकामी चढते, भरलेली नाही," ते पुटपुटले.

मुलगी हळूच म्हणाली, "आई, तो उंच डबा सोडून दे ना. बाकी गाडी जाते की."

"अगं, गिऱ्हाइकाच्या मापाने फ्रॉक शिवतात. फ्रॉक शिवून मग त्यात मावेल असं गिऱ्हाईक शोधत नाहीत. अख्खी म्हणाले होते मी. अख्खी."

"मग खाटा पुढे ढकलते."

"खबरदार ढकलल्यास तर!"

घेरबाई रांगत बाहेर आल्या. कपडे झटकले. सगळी गोगलगाय एकदा प्रदक्षिणा घालून बघितली. ड्रायव्हरसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, आता ही जाऊन खिडकीत बसणार.

त्यांनी पाना मागितला.

संध्याकाळपर्यंत अख्खी गोगलगाय उसवून जमिनीवर आली होती. रूळ एका कोपऱ्यात, नट वाटीत, कमानी भिंतीला टेकवलेल्या. ड्रायव्हरसाहेबांना नुसतं बघूनच धाप लागली. घेरबाई मात्र जुना कोट उघडून बसल्या होत्या. त्यांनीच कधीकाळी शिवलेला, नवऱ्याचाच. कोटाचं अस्तर उलटं करून त्यावरून अंगठा फिरवत होत्या.

"अहो, हात लावा इथे. शिवण लागते का हाताला?"

"नाही लागत."

"का नाही लागत? वरच्या कापडाची शिवण इथे, अस्तराची तिथे. एकीखाली दुसरी येऊच दिली नाही. पट्टी कशाला पाहिजे? एकाचं अंग दुसऱ्याच्या जोडाला धरतं."

बस, मिळालं. जाड प्लायवूडच्या एका थराऐवजी निम्म्या जाडीचे दोन थर. वरच्या थराचा जोड जिथे येईल, तिथे खालच्या थराची कमान मधोमध अखंड. दोन्ही गोंदाने एकमेकांना घट्ट. जाडी मूळचीच, पट्टी कुठेच नाही. खाकी कागद होतेच. मिस्त्री म्हणाला, "बाई, पहिल्यांदाच असं सांगितलं असतंत तर?" घेरबाई म्हणाल्या, "पहिल्यांदा कळलं असतं तर सांगितलं नसतं का? काप मुकाट्याने."

गोंद सुकेपर्यंत दोन थर दाबून धरायला हवेत. एवढे शिकंजे आणायचे कुठून? घेरबाईंनी कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे आणले, मग शेजारणींचे आणले, आणि कमानींच्या दोन्ही कडांना ओळीने लावून टाकले. दुकानभर लाकडी काटे फुटलेली भलीमोठी वेटोळी. ड्रायव्हरसाहेबांचे ओले सदरे खुर्च्यांच्या पाठीवर वाळत होते आणि गल्लीत सगळ्यांचेच. कुणी कुरकुर केली नाही. उलट चिमटे सुटले का विचारायच्या निमित्ताने बायका डोकावून जायच्या.

खाटांचा दिवस उजाडला तेव्हा गोगलगाय उभी होती, रूळ बसले होते, शेवटची तार जोडायची होती आणि घेरबाई आतच होत्या. बाहेर टेंपो थांबला. दोन हमालांनी पहिली खाट आत आणली.

"आई, खाटा आल्या," मुलगी म्हणाली. मग घाईघाईने, "पण तू कर सावकाश. मी यांना चहा देते."

"चहा दे, पण खाट लाव. शब्द तो शब्द."

खाट लागली. दुसरी लागली. तिसरी लावताना थोरला हमाल कमरेवर हात ठेवून वाकला तो तसाच राहिला. मुलीने त्याला काही बोलू न देता नव्या कोऱ्या खाटेवर आडवा केला. "पाय वर धरा. मी सांगेपर्यंत खाली घ्यायचा नाही." हमाल म्हणाला, "ताई, मी सामान पोचवायला आलोय." ताई म्हणाल्या, "धरा."

नेमक्या त्याच वेळी दुकानाच्या मधोमध लावलेल्या पडद्याच्या पलीकडून आवाज आला, "सोडतेय हो!"

ड्रायव्हरसाहेबांनी पडदा सारला. पूर्ण गाडी, मध्ये लाल दुमजली डबा, स्टेशन सोडून गोगलगायीत शिरली. पहिला वेढा. ड्रायव्हरसाहेबांनी दोन्ही मुठी आवळल्या होत्या, जणू स्टिअरिंग हातात आहे. टक्‌ झालं नाही. दुसरा वेढा. लाल डबा एका फटीतून दिसायचा, जायचा, पुन्हा वरच्या फटीतून दिसायचा. आतून घेरबाईंचे डोळे त्याच्याबरोबर फिरत होते. इंजिनचा आवाज जड झाला, पण चाकं घसरली नाहीत. धाकटा हमाल चहाचा कप ओठांपाशी धरून उभा. थोरला पाय वर धरून मान वळवून बघतोय. मुलगी "सोडा" म्हणायला विसरली.

गाडी वर आली. इंजिन, डबे, लाल डबा, शेवटचा डबा, सगळं बकरमच्या डोंगराला वळसा घालून छोट्या स्टेशनात उभं राहिलं.

"आता खाली घेऊ का पाय?" हमालाने विचारलं.

ड्रायव्हरसाहेब डोळे पुसत होते. "धूळ फार आहे या लाकडाची," ते म्हणाले. घेरबाई रांगत बाहेर आल्या, त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि नेहमीसारख्या म्हणाल्या, "चला, चिमटे ज्याचे त्याला देऊन या."

मुलीचा दवाखाना आता चांगला चालतो. भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. पाय वर धरायचा असो की हात ताणायचा, गाडी गोगलगायीत शिरली की धरायचं आणि डोंगरापाशी बाहेर आली की सोडायचं, असा रिवाज पडून गेलाय. मुलीने पडद्याच्या बाजूने हळूच दोन बोटं दाखवली की पलीकडे गाडीचा वेग कमी होतो. पेशंटना हे उमगलंय, पण करणार काय?

"अहो घेरबाई," कुणीतरी खाटेवरून कळवळून ओरडतं, "काढा ना गाडी बाहेर!"

पडद्यामागून, गोगलगायीच्या पोटातून, शांत उत्तर येतं: "चढ आहे. भरलेली गाडी आहे. धरा जरा."