प्राचार्य निवडण्याआधीचं देवदर्शन

आमच्या गावच्या कॉलेजला पहिला प्राचार्य कसा निवडला, हे ठाऊक असलेले आम्ही चौघं होतो. तिघं गेले. मीही आता फार दिवसांचा सोबती नाही, म्हणून लिहून ठेवतो. हे लिहिताना मला वाईट वाटतंय असं म्हणालो तर तेही खोटं होईल. वाईट वाटण्याचे दिवस कधीच सरले. आता नुसती शिसारी येते, त्या तिघांची आणि त्यांच्याहून जास्त स्वतःची.

निजामाचं राज्य गेलं, आमचा जिल्हा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. औरंगाबादला नवं विद्यापीठ निघालं होतं. आपल्याकडंही कॉलेज हवं, असं गावातल्या मोठ्या माणसांच्या मनानं घेतलं. संस्था काढली. अध्यक्ष एक वकील, ज्यांची उमेदीची वर्षं उर्दूतून कज्जे चालवण्यात गेलेली. त्यांच्या जोडीला एक बागायतदार पाटील आणि एक आडत व्यापारी. मी हायस्कुलात शिक्षक होतो आणि इंग्रजीत पत्रं बरी लिहायचो, म्हणून मला चिटणीस केलं. त्याचा मला फार अभिमान होता.

प्राचार्याच्या जागेसाठी जाहिरात दिली. बरेचसे अर्ज निवृत्तीला टेकलेल्यांचे होते. एकच अर्ज असा आला की तो वाचून वकीलसाहेब खुर्चीत सरळ बसले. प्राणिशास्त्रातली डॉक्टरेट, मोठ्या शहरातल्या कॉलेजातली नोकरी, आणि जन्मगाव आमच्याच जिल्ह्यातलं, लोहाऱ्याजवळचं.

मुलाखत शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात झाली. गृहस्थ चाळिशीच्या आतले, सावळे, पांढरा शर्ट, आवाज हळू. इतक्या मोठ्या शहरातून इथं का येता, असं विचारल्यावर ते म्हणाले, "नारूसाठी." त्या काळी आमच्याकडं गावोगावच्या पायविहिरींतून नारू व्हायचा. माणसाच्या पायातून तो दोऱ्यासारखा जंत काडीवर गुंडाळत बाहेर काढावा लागे. त्यांना इथं प्रयोगशाळा उभी करून विहिरीविहिरीचं पाणी तपासायचं होतं.

"म्हंजे तुमी हिरीत उतरनार?" पाटलांनी विचारलं.

"उतरणार. पोरांनाही उतरवणार."

"आमची पोरं लई आळशी हायत, साहेब."

"मग ती वर बसून दोरी धरतील."

सगळे मोकळेपणानं हसले. व्यापाऱ्यांनी स्वतःच्या डब्यातलं पान पुढं केलं. ते गृहस्थ बाहेर गेल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "असा इल्मी माणूस आपल्याला पुन्हा मिळायचा नाही." त्याच बैठकीत ठराव करायला हरकत नव्हती. मी टाकाला शाई लावूनही ठेवली होती.

पण पाटील खाली बघत म्हणाले, "समदं खरं. पर मानूस कोन हाय, ते कळाया नगं का?"

त्या गृहस्थांचं आडनाव गावावरून पडलेलं होतं, त्यावरून काही कळत नव्हतं. नावही कुठल्याही घरात शोभेल असं. सरळ विचारायला तिघांनाही लाज वाटत होती, कारण नुकतंच वकीलसाहेबांनी वाचनालयात समतेवर भाषण केलं होतं आणि पाटील त्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे होते. मग वकीलसाहेब माझ्याकडं वळले.

"मास्तर, तुम्ही तुळजापूरचे. पाहुणे इतक्या लांबून आलेत, उद्या त्यांना देवीचं दर्शन घडवून आणा."

हे काय काम होतं, ते मला तिथंच कळलं. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. तुळजापुरात पुजाऱ्यांची घरं आहेत आणि कुळाकुळाचे पुजारी पिढ्यान् पिढ्या ठरलेले. माणूस दर्शनाला आला की आधी आपल्या पुजाऱ्याच्या घरी उतरतो. तिथं गाव, आजा, पणजा सगळं निघतं. कोण कुणाकडं उतरतो, एवढं कळलं की माणूस कोण ते कळतं. आमचं घरही पुजाऱ्यांचंच. जी वाट भाविकाला देवीपर्यंत पोचवण्यासाठी होती, ती मी दुसऱ्याच कामाला लावली. "नेतो की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. उन्हाळा होता. त्यांच्याजवळ फिरकीचा तांब्या होता, त्यातलं पाणी ते मला पुन्हा पुन्हा देत होते. वाटेत ते आईविषयी बोलले. आई एकटी गावी राहायची, शहरात यायला तयार नव्हती.

"ती म्हणते, परमुलखात मोठा झालास त्याचं मला काय दिसतं? इथं माझ्या नजरंसमोर खुर्चीत बस. हे काम झालं तर तिला इकडंच घेऊन येईन."

"होणारच," मी म्हणालो. त्या क्षणी ते झालं असतं तर मला खराखुरा आनंद झाला असता. हे मी बचावासाठी लिहीत नाही. आनंद वाटत असतानाही मी त्यांना कुठं नेत होतो, हे सांगायचंय.

तुळजापुरात मी त्यांना माझ्या चुलत्यांच्या घरी नेलं. चुलत्यांनी सतरंजी अंथरली. आतून पुरण शिजल्याचा वास येत होता, काकूनं पत्रावळीही मांडल्या होत्या.

"या साहेब, बसा. गाव कुठलं म्हणालात?"

"लोहाऱ्याजवळचं."

"मग देवीचं तुमच्याकडं कोण बघतं? म्हणजे त्यांना निरोप धाडतो. त्यांच्या यजमानाला आम्ही परस्पर जेवू घातलं तर ते रुसायचे." चुलते हसले. त्यांना माझ्या मनातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते नेहमीचंच विचारत होते.

पाहुणे चुलत्यांकडं न बघता माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं पुजारी नव्हता, काका. देवाचं सगळं आमचा आजाच बघायचा. तो पोतराज होता. अंगावर आसूड ओढत गावोगाव मरीआईचा गाडा फिरवायचा." आणि मला म्हणाले, "मास्तर, एवढंच हवं होतं ना? कालच विचारायचं. उन्हातान्हात तुम्हाला एवढी खेप पडली नसती."

मी म्हणालो, "छे छे, तसं काही नाही." हे शब्द मला अजून झोपेत ऐकू येतात.

चुलते उठून आत गेले. आतली कुजबुज बाहेर ऐकू येत होती. बाहेर येऊन ते दारातच उभे राहिले. "आज घरात जरा अडचण आहे. जेवणाचं जमेलसं दिसत नाही. एवढं तेवढं मनावर घेऊ नका." त्यांच्या मागं काकू मांडलेल्या पत्रावळी उचलत होती. माझी मात्र तिनं तशीच ठेवली होती.

पाहुणे नमस्कार करून पायऱ्या उतरले. दर्शनाला ते गेले नाहीत, मीही आग्रह केला नाही. स्टँडवर चहा पिऊन परत फिरलो. वाटेत त्यांनी सवयीनं फिरकीचा तांब्या पुढं केला. माझ्या घशाला कोरड पडली होती. मी म्हणालो, "नको, तहान नाही." त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि झाकण फिरवून घट्ट लावलं. घरी आल्यावर मी डोक्यावरून आंघोळ केली. घाम फार आला होता, असं बायकोला सांगितलं. तिनं काही विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी बैठक बसली.

"काय मास्तर, दर्शन झालं का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"जाऊन आलो."

"कुणाकडं उतरले पाहुणे?"

"कुणाकडंच नाही. चहा घेऊन परत आलो."

इतकंच मी बोललो. जातीचं नाव मी घेतलं नाही, तिथं कोणीच घेतलं नाही. पुढं कित्येक वर्षं मी मनाची समजूत घालत आलो की मी तर काही सांगितलंच नाही.

पाटलांनी मांडीवर थाप मारली. "मला वाटलंच हुतं."

"पोरीबाळींनाही पाठवायचंय कॉलेजात," व्यापारी म्हणाले. कशाचा कशाशी संबंध होता, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी उठून खिडकीतून पिंक टाकली.

वकीलसाहेब डोळे मिटून म्हणाले, "आदमी लायक आहे, त्यात शक नाही. पण आपल्याकडची हवा त्यांना मानवायची नाही." आणि वकीलसाहेबांच्या मेहुण्यांच्या ओळखीतल्या एका इतिहासाच्या माणसाचं नाव पुढं आलं. तो नोट्स सांगून शिकवायचा आणि सगळ्यांकडं जेवायचा. ठराव मी लिहिला, सुवाच्य अक्षरात.

पाहुण्यांना सांगायचं कामही माझ्याकडंच आलं. सकाळी ते स्टँडवर बॅग घेऊन उभे होते. लोहाऱ्याची गाडी लागलेली होती. मी जवळ गेलो आणि गाडीच्या पाटीकडं बघत उभा राहिलो.

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले. "आईला काय सांगू, तेवढं सांगा. ती वाट बघत असेल. खरं सांगितलं तर ती जेवायची नाही."

मी म्हणालो, "समितीचा निर्णय अजून..."

ते हसले. "असू द्या. मीच सांगतो, मला गाव आवडलं नाही म्हणून. पाण्याचे हाल आहेत, असं कळवतो."

लोहाऱ्याची गाडी सुटली. ते चढले नाहीत. मग त्यांनी येडशी स्टेशनला जाणारी गाडी कुठली, ते मला विचारलं. मी बोट करून दाखवली.

त्यांचं ते बोलणं मी वकीलसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांना केवढं बरं वाटलं! "म्हणजे त्यांनीच नाकारलं की! आपण कुठं नाही म्हणालो?" त्या दिवसापासून गावात तेच चालू झालं. एका बापड्यानं आईसाठी शोधलेलं खोटं आम्ही आमच्या अब्रूसाठी वापरलं. शिक्षकांच्या खोलीत मी स्वतः ते रंगवून सांगितलंय.

पुढच्या एका उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी एक म्हातारी माझ्या घराचं दार विचारत आली. अंगणातच बसली, वर या म्हटलं तरी येईना. मी तोंडदेखलं म्हणतोय, हे तिला कळलं असावं. कोण, कुठली, ते तिनं सांगितल्यावर मी उंबऱ्याच्या आतच राहिलो.

"ल्योकानं पत्रात कळवलं हुतं, तितं येक मास्तर लई भले हायती, मला तुळजापूरला घिऊन गेले. म्हनून तुमालाच इचाराया आले. त्येला आपला मुलूख का वो आवडला न्हाय?"

ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"पाण्याचे फार हाल आहेत ना इथं," मी म्हणालो. "म्हणून."

"पान्याचंच व्हय?" ती मग पदर सावरत उठली. "येवढंच हुतं तर सांगायचं की वो त्येला. पानी म्या भरलं असतं."