जहऱ्यात अडलेली कॅरॅव्हॅन आणि तिचे चार टायर

"आई, या वेळी मॉल नाही. या वेळी वाळवंट," मंदार फोनवर म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी मी व्हिसाच्या कागदांना लागले.

माझा मुलगा कुवेतमधल्या एका बँकेत हिशेब तपासतो. याआधी मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा माझ्या वाट्याला सकाळी त्याची पाठ आली, संध्याकाळी त्याचा लॅपटॉप आणि शुक्रवारी थंडगार मॉलमधल्या फेऱ्या. वर प्रश्न, "आई, काही हवंय का तुला?" मला तो हवा होता. तो कुठल्याच दुकानात ठेवलेला नव्हता.

वाळवंटाचा बेत कॅरॅव्हॅनमुळे निघाला. त्याच्या ऑफिसातला एक अमेरिकन गृहस्थ नोकरी सोडून जाताना आपली कॅरॅव्हॅन आणि ती ओढणारी पिकअप मंदारला स्वस्तात देऊन गेला. या जातीला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. साधी कॅरॅव्हॅन गाडीच्या मागच्या हुकाला अडकवतात. हिचं नाक मात्र थेट पिकअपच्या हौद्यात बसतं. आत दोन पलंग, शेगडी, न्हाणीघर, पाण्याची टाकी. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटपेक्षा तिची स्वयंपाकाची जागा सोयीची आहे, हे मी ऋजुताला, म्हणजे सुनेला, मुद्दाम सांगितलं नाही.

हिवाळ्यात अर्धं कुवेत शहर सोडून वाळवंटात मुक्कामाला जातं. जागेचा परवाना आधी घ्यावा लागतो. नियम बदलत राहतात, तेव्हा जाणार असाल तर ताजे बघा. आम्ही खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडून सुबियाकडे जाणार होतो. गुरुवार ते रविवार मंदारने रजा काढली होती. पुढच्या बुधवारी माझं परतीचं विमान. म्हणजे हेच चार दिवस, आणि नाही तर नाही.

गुरुवारी सकाळी सालमियातल्या मंदारच्या घरून निघालो. कॅरॅव्हॅन पश्चिमेला जहऱ्याच्या एका यार्डात भाड्याने उभी असते. रस्ता सरळ, रुंद आणि दिसायला कंटाळवाणा, तासाभरात पोचतो. वाटेत तंदूरवाल्याकडून गरम खुबूस घ्या. पन्नास फिल्समध्ये (हजार फिल्सचा एक दिनार) ताटाएवढी भाकरी येते आणि ती गाडीतच संपते. नात ईरा मागच्या सीटवर पाय हलवत बसली होती. "आजी, देअर इज नो वायफाय देअर," तिने मला धीर दिला.

यार्डात कॅरॅव्हॅन पाहिली आणि खूप आवडली. मग मी वाकले. वाकायला नको होतं, असं मंदारचं अजूनही मत आहे.

मी जन्मभर विमा कंपनीत मोटार अपघातांचे दावे तपासले. फुटलेल्या टायरांचे इतके फोटो पाहिलेत, की लोक लग्नाचे अल्बम पाहत नसतील. या टायरांची नक्षी कोरी होती, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. तारीख सांगणारे चार आकडे शोधले. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. टायर नऊ वर्षांचे होते.

"आई, ते फिरलेच नाहीयेत फारसे," मंदार म्हणाला. "नक्षी बघ की."

"फिरले नाहीत, उभे राहिले. कुवेतच्या उन्हात. नऊ उन्हाळे."

"तू रिटायर झालीस ना?"

"मी झाले. हे टायर व्हायचेत."

ऋजुता हसली आणि लगेच गंभीर झाली. "आई म्हणतात तर बदलूया ना रे. दुपारपर्यंत होईल."

आम्हीही तसंच धरून चाललो. चाकांचे फोटो काढले आणि कॅरॅव्हॅनच्या अंगावरची पट्टी वाचली. ती साधारण पुढच्या बाजूला, डावीकडे असते. तिच्यावर टायरचा आकार, किती भार आणि किती हवा, हे लिहिलेलं असतं. वाचकहो, दुकानदाराच्या तोंडापेक्षा या पट्टीवर विश्वास ठेवा.

अर्दियाच्या गोदामांच्या भागात टायरची दुकानं आहेत. पहिल्या दुकानात आम्हाला जीपचे टायर दाखवले. आकार तोच, रिमवर बरोबर बसतात, मग अडचण काय? अडचण अशी, की ओढल्या जाणाऱ्या गाडीचे टायर वेगळे असतात. त्यांच्या बाजू कडक असतात, कारण वळताना सगळा भार आडवा येतो. त्यांच्यावर आकाराच्या आधी एसटी ही अक्षरं असतात. (आपली लाल डब्याची नव्हे.) किती भार पेलेल हे सांगणारं अक्षरही टायरवर असतं. ते पट्टीवरच्यापेक्षा खालचं तर कधीच घेऊ नका, एक पायरी वरचं घेतलं तर रिमला तेवढी हवा सोसते का, ते विचारा.

दुसऱ्या दुकानात एसटी होते. काळेभोर, पॉलिश केलेले, बावीस दिनारला एक. विकणारा लखनौकडचा, तोंडात साखर.

"मम्मीजी, बैठिए. चाय मंगवाऊँ?"

मी बसले नाही. चारही टायरांभोवती फिरले. दोन टायर एकाच साली बनलेले, बाकीचे दोन त्याहून जुने. सगळे पाच वर्षांच्या पुढचे.

"ये तो बूढ़े हैं," मी म्हणाले.

"मम्मीजी, टायर है, दूध थोड़ी है जो ख़राब होगा!"

"दूध ख़राब हो तो बास तो आती है. टायर इतना शरीफ़ नहीं होता."

तो मनापासून हसला आणि मग खरं बोलला. हव्या त्या भाराचे, ताज्या तारखेचे टायर त्याच्याकडे नव्हते. मागवावे लागतील, पंचेचाळीस दिनारला एक.

"कब आएँगे?" मंदारने विचारलं.

"बुधवार. इन्शाल्ला."

बुधवार. माझं विमान.

आम्ही दुकानाबाहेर येऊन उभे राहिलो. ट्रक जात होते, धूळ बसत होती. मंदार म्हणाला, "आई, तूच सांग. हे बावीसवाले घालू. साठच्या वर नेणार नाही. पुलावरून तर चाळीसनेच. तू म्हण फक्त."

वाचकहो, माझ्याइतकं त्या वाळवंटात जायचं कुणालाच नव्हतं. पुण्याहून भाजणी आणली होती, लोकरीच्या टोप्या आणल्या होत्या. तोंडाशी 'चल' आलं होतं. साठच्या वेगाने काय होतंय, असं मी स्वतःलाच समजावत होते. अगदी त्याच शब्दांत, ज्या शब्दांत लोक दाव्याच्या अर्जात समजावतात. तेवढ्यात ईराने खिडकीची काच खाली करून विचारलं, "आर वी गोइंग ऑर नॉट?"

"नाही," मी म्हणाले. "नवे मागव."

मंदार आत जाऊन पैसे भरून आला आणि गाडीचं दार आपटून बसला. "झालं समाधान? वर्षभर मागे लागून ही रजा मिळवली होती मी. इतर कुणी आईला घेऊन वाळवंटात जायला रजा मागतं का, विचार ऑफिसात. हसले मला."

मी सीटचा पट्टा लावला. इतकी वर्षं मी समजत होते, की वाट फक्त मी बघते. तो बँकेत, मॉलमध्ये, लॅपटॉपमागे मजेत आहे. तो हसू करून घेऊन माझ्यासाठी चार दिवस मागत होता, हे मला अर्दियाच्या धुळीत कळलं.

शहरात परतायचं कुणाच्याच मनात नव्हतं. ऋजुता म्हणाली, "आई, यार्डातच राहूया का? कॅरॅव्हॅन हलणार नाही एवढंच. बाकी सगळं आहे तिच्यात."

तर आमचं कुवेतचं वाळवंट असं झालं. जहऱ्याच्या यार्डात, एका बाजूला कुणाची तरी बोट, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला जनरेटर, आणि मधे आम्ही. राखणदाराने पाणी आणि विजेची तार दिली. त्याला थालीपीठ दिलं. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दही आणि कांदे आणले. पायरीवर बसलं की भिंतीवरून मैदानाची एक पट्टी दिसे, मातकट, आणि तिच्यावर न मावणारं आभाळ.

शुक्रवारी संध्याकाळी मंदार माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसला. लॅपटॉप नव्हता. थालीपीठाचा तुकडा मोडत म्हणाला, "सुबियाच्या पुढे एक जागा आहे. झाड नाही, खांब नाही. आई, तिथे काहीच नाही. तेच दाखवायचं होतं तुला."

"काहीच नाही तर काय बघायचं?"

"मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा खूप बरं वाटलं. आणि तू नव्हतीस."

मी त्याला लोणचं वाढलं.

रविवारपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. ईरा दुसऱ्या दिवसापासून मराठीत भांडू लागली. मंदारने मला पिकअप मागे कशी घ्यायची ते शिकवलं आणि मी बोटीला हलकासा धक्का दिला. बोटीला काही झालं नाही.

बुधवारी टायर आले नाहीत, मी पुण्याला आले. टायर गुरुवारी आले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी, मोसम संपायच्या आत, ते तिघं सुबियाला गेले. मंदारने निघताना चारही टायरांच्या तारखांचे फोटो पाठवले. सगळे याच वर्षाचे, एकाच आठवड्याचे. मी त्याला लिहिलं, ऐंशी किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळ. त्याने लिहिलं, आवळले.

दुपारी फोन आला. "आई, पोचलो. ऐक हं," म्हणून त्याने फोन बाहेर धरला. भणभण वारा वाजत होता. मधे ईरा काहीतरी ओरडली, ते लांबून आलं. मी इकडे पुण्यात कॉटवर बसून, एक हात दुसऱ्या कानावर दाबून ऐकत राहिले.

"येतोय ऐकू?"

"येतोय."

लोक विचारतात, कुवेत कसं वाटलं. मी टायरांचं सांगते. ते सांगण्यासारखं आहे. तुम्ही कॅरॅव्हॅन घेऊन निघणार असाल, तर तारखा निघायच्या दिवशी वाकून बघू नका. महिनाभर आधी बघा, जुने निघाले तर नवे येईपर्यंत वेळ हाताशी राहील. मी 'नाही' म्हणाले ते बरोबरच होतं. उद्या पुन्हा त्या दुकानाबाहेर उभी केलीत, तरी तेच म्हणेन.

पण मला तिथे जायचं होतं.