पांढरं पडलेलं पॉलिश

जळगावात मे महिन्यात वरच्या खोलीच्या जमिनीच्या सागवानी फळ्या स्वतः रंगवायला घेतल्या, तिथेच माझं चुकलं. त्या झळांत जादा रंग पुसायला फडकं फिरवायच्या आत तो वाळला आणि जमिनीवर चट्टे उठले. दोन दिवस गुडघ्यांवर बसून ते घासून काढले, पहाटे उठून पुन्हा रंग दिला आणि वर लाखेचं पॉलिश चढवलं. माझा घाम बघून आईने वरचा कूलर खोलीच्या आत वळवला. ओल्या हवेने पॉलिश पांढरं पडलं.

ओरडायचंही त्राण नव्हतं. "तुझ्या कूलरने घात केला," एवढंच म्हणालो आणि पुन्हा घासायला बसलो.

दोन दिवसांनी जमीन एकसारखी झाली. सांगायला खाली गेलो, तर आई पदराने वारा घेत होती. खालचा कूलरही तिने तेव्हापासून लावला नव्हता.